माझ्याच घरातली परकी

अन्याय माझ्या आतेबहिणीवर झाला. तीन वर्षांपूर्वी, बारावीच्या निकालानंतरच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी अकरा वाजता, नाशकातल्या एका सरकारी कॉलेजच्या खिडकीत. क्लार्कने तिची दहावी मध्य प्रदेशातली आहे एवढं पाहिलं आणि अर्ज बाहेर सरकवला.

"परराज्यातली तू. इथली मुलं संपल्यावर जागा उरली तर बघू. फीमाफी तर नाहीच."

"बारावी इथलीच आहे, साहेब. वडील एकलहऱ्याला पॉवर हाऊसमध्ये फिटर आहेत."

"पंधरा वर्षं इथं राहिल्याचा, अधिवासाचा दाखला आण, मग बोल."

एकलहऱ्याला नोकरीवर येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. आणि फीमाफी नसेल तर कॉलेजही नाही, असं आतोबांनी आधीच सांगून टाकलं होतं. दोन मुली, एक पगार.

मी त्याच कॉलेजातल्या विद्यार्थी संघटनेत होतो; पेटलो. त्याच दुपारी सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिल कापली, कोपरापर्यंत शाई माखून घेत पत्रकं काढली. मथळा: 'परराज्यातून आलेल्या गरीब मुलीवर घोर अन्याय!!!!' गेटवर वाटताना छाती नुसती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी क्लार्कने तेच पत्रक तिच्या अर्जाला टाचून दाखवलं. "परराज्यातून आलेली, असं तुम्हीच लिहून दिलंय. खाली संघटनेचा शिक्कासुद्धा आहे. छान झालं."

"दादा," परतताना बहीण म्हणाली, "चार उद्गारचिन्हं दिलीस. एक प्रश्न मलाही विचारायचास."

तिला घेऊन मी सायखेड्याला घरी गेलो. वडिलांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"ए शाण्या, ही जन्मली कुठं?"

"तिकडंच की."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, का तुझ्या पुस्तकात नाय ते? ह्या खोलीत जन्मली ही. तू तव्हा दोन वर्षांचा. दुसरा पेढा दिला नाय म्हणून इथंच गडबडा लोळत व्हता. अन् आता तिलाच परकी छापतो!"

आई चुलीपुढे इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

ग्रामपंचायतीच्या जन्माच्या नोंदवहीत तिची ओळ सापडली. बहिणीने त्यावर बोट ठेवलं ते उचलेचना. जन्मच इथला असला की पंधरा वर्षांची अट लागत नाही; तहसील कचेरीत तेवढी नोंद पुरली. दाखला मिळाला, प्रवेश मिळाला, फीमाफी मिळाली. क्लार्कने टाचणी काढून पत्रक माझ्या हातात दिलं. वडील भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन एसटीने आले आणि गेटवरच सोडून बसले. अर्धं कॉलेज शेंगा फोडत होतं. क्लार्कच्या ओंजळीतही त्यांनी घातल्या. "खा साहेब, आपल्याच राज्यातल्या हायेत." तोही हसला.

आता ऐका. आत्याची धाकटी यंदा बारावीला आहे. आई तीच, बाप तोच, एकलहऱ्याचं क्वार्टर तेच. हिची तर दहावीही इथलीच. पण दुसरं बाळंतपण सासरी होतं, म्हणून ही जन्मली तिकडे, आणि पंधरा वर्षं अजून भरलेली नाहीत. म्हणजे एकाच ताटात जेवणाऱ्या दोघींतली एक इथली आणि एक परराज्यातली! थोरलीच्या वेळी आम्ही जिंकलो, पण नियम तसाच राहिला. शेंगा खाण्याच्या नादात मी तो विसरलो, ही माझी दुसरी चूक.

या वेळी पत्रक तिला विचारून लिहिलंय. तुम्ही एवढंच करा: निकालानंतरच्या सोमवारी, अकरा वाजता, तिच्या मागे रांगेत उभे राहा. अर्ज बाहेर सरकला की सगळ्यांनी मिळून तो परत आत सरकवा.