सात आठे चौपन्न

आमच्या घरात पत्ते मी आणले, हे आधीच कबूल करून टाकते. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही आणि आता केस पिकल्यावर तर मुळीच वाटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही भवानी पेठेत राहत होतो. लेक चौथीत होती आणि गणितात कच्ची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावी करकंबला उभा जन्म मास्तरकी करून आमच्याकडे राहायला आले होते. रोज संध्याकाळी ते नातीकडून चालीवर पाढे म्हणून घेत. पोरगी तेराचा पाढासुद्धा घडाघडा म्हणायची. पण मधूनच विचारलं, सात आठे किती, की ती सात एकेपासून निघायची आणि वाटेत कुठंतरी हरवायची. शेवटी मामंजींनी निकाल दिला: हिच्या डोक्यात गणित शिरायचं नाही. परीक्षा झाली की करकंबला आत्याकडे ठेवू, घरकाम तरी शिकेल. आमच्या यजमानांच्या तोंडून वडिलांपुढे ‘बरं’ याखेरीज शब्द फुटत नसे. ते ‘बरं’ म्हणाले.

मला ते गिळवेना. मी स्वतः सातवीत गणितात नापास होऊन शाळा सोडलेली. तेव्हाही कुणीतरी असंच ‘बरं’ म्हणालं होतं.

पोरीला खेळातून शिकवायचं असं मी ठरवलं आणि बाजारात गेले. दुकानदारानं सापशिडी काढली, सोंगट्या काढल्या आणि मग एक पुठ्ठ्याची पाटी काढली. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला राजधान्या, प्रत्येक नावापुढं एक भोक आणि भोकांत खुपसायच्या दोन वायरी. उत्तर बरोबर आलं की वरचा बारका दिवा लागायचा. मी त्या दिव्यावर भाळले. गणिताला आलेली बाई राजधान्या घेऊन घरी गेली. पोरीला बुद्धी येऊ दे, मग गणित आपोआप येईल, असं काहीतरी मी स्वतःला समजावलं असणार.

चार दिवसांत पोरगी धडाधड दिवे लावू लागली. मी मामंजींना मोठ्या तोऱ्यात बोलावलं. त्यांनी पाटी आपल्याकडे फिरवून घेतली आणि नुसतं तोंडी विचारलं, जपानची राजधानी कोणती? पोरगी म्हणाली, “खालून तिसरं भोक.”

मामंजींनी पाटी माझ्या हातात परत दिली आणि वर्तमानपत्र उघडलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी सापशिडी आणली. त्यात सहाच्या पुढं मोजायची गरजच पडत नाही, हे मला आठवड्यानं उमगलं. तिसऱ्या खेपेला मात्र मी दुकानात डोकं वापरलं. एक्का ते दश्शी हे एक ते दहा, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. मामंजी घेत होते तेवढे सगळे पाढे पत्त्यांच्या एका जोडात होते! दोन पानं उलटायची, गुणाकार जो आधी सांगेल त्यानं पानं उचलायची. पाढा सुरुवातीपासून म्हणायला वेळच नाही.

घरात पत्ते आलेले पाहून मामंजींचा चेहरा उतरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाळी सुटलेले गिरणीकामगार पत्ते कुटत बसायचे, आणि पत्ते म्हणजे जुगार हे मामंजींचं पक्कं मत होतं. लेकीबाळींच्या घरात हे शोभत नाही, निदान आतल्या खोलीत बसा, असं त्यांनी यजमानांकरवी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सतरंजी बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर अंथरली. असं दीड महिना चाललं. सुरुवातीला मी जिंकायचे, आणि सांगायला हरकत नाही, मला ते आवडायचं.

एका संध्याकाळी सत्ती आणि अठ्ठी आली. मी झडप घालून ओरडले, “चौपन्न!” आणि पानं उचलली.

पोरीनं माझा हात धरला. “आई, ठेव ती. सात साते एकोणपन्नास, वर एक सात. छप्पन्न होतात की.”

मामंजींनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मग त्यांनी तिला आडवेतिडवे पाच गुणाकार विचारले. चार बरोबर आले. तेर आठे मात्र तिनं एकशे दोन सांगितले.

“चुकली,” मामंजी म्हणाले. “मी म्हणत होतो ते हेच.”

सासऱ्यांना उलट उत्तर मी तोवर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. “एक चुकलं म्हणून शाळा सोडायची असेल, मामंजी, तर तिच्याआधी मी चुकले. मलाही करकंबला पाठवा. पण स्वयंपाकाचं तेवढं तुम्ही दोघं बघा.”

यजमानांनी सवयीनं “बरं” म्हटलं आणि जीभ चावली. मामंजी उठून बाहेर गेले. ते पटलं म्हणून गेले की रागावून, हे मला कधीच कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

जूनमध्ये पाचवीसाठी नव्या शाळेत नाव घालायचं होतं. यजमान वडिलांना अण्णा म्हणत; ते म्हणाले, अण्णांना विचारून बघू. मी पोरीला घेऊन एकटीच गेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, वडील कुठं आहेत? म्हटलं, आई आलीय. त्यानं फॉर्म पुढं सरकवला. सही करून मला कैक वर्षं झाली होती. अक्षर वाकडं गेलं, चौकटीबाहेर जाऊन खालच्या ओळीवर चढलं.

“दुसरा फॉर्म देऊ का?” तो म्हणाला.

“नको,” मी म्हटलं, “हाच घ्या.”