सवतीची चुगली

आधी कबूल करून टाकते, म्हणजे मधेच कोणी टोकायला नको. मी एका आजारी लेकराला, भरल्या दवाखान्यात बसून, चोरून काविळीची गावठी पावडर चारली होती. तेव्हा मी साठीला टेकलेली. म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती... पण आली नव्हती! भुताखेतांवर मात्र माझा तेव्हाही विश्वास नव्हता. आजही मी अवसेला केस धुते अन् तिन्हीसांजेला ओट्यावर एकटी बसते. तरी हे लिहितेय, कारण त्या दवाखान्यात जे झालं त्याचा मेळ मला अजून लावता आला नाही.

आम्ही मूळचे हसनाबादचे, आता जालन्यात मस्तगडला. मी ह्यांची दुसरी बायको. पहिली कौसल्या — पंचविशीत वारली, मागे दीड वर्षाचा महेश ठेवून. मी नवरी होऊन घरात पाऊल टाकलं तर ती समोरच्या भिंतीवर, फोटोत. मेलेल्या बाईवर कोणी जळतं का? मी जळायचे. फोटोला रोज हार घालायचे, पण असा, की तिचं तोंड बराबर झाकलं जावं. हे विचारायचे, "हार असा कसा गं बसतो दर वेळी?" मी म्हणायचे, "झेंडूच लई मोठे येऊन राह्यले बाजारात." अशी मी गुणाची!

महेशला मीच वाढवला. त्याचा गोवर मी काढला, त्याची दहावीसुद्धा मीच काढली म्हणा ना. तरी मी 'माई' आणि फोटो 'आई'. तेही गिळलं. पण त्याचा ईशान बोलायला लागला, आणि महेशनं त्याला फोटोसमोर उभं करून शिकवलं, "ही आजी." मंग मी कोण? तर पुन्हा माईच!

ईशान सहा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, आराम द्या, हलकं खाऊ घाला, उतरेल हळूहळू. त्या संध्याकाळी मी पेजेची वाटी घेऊन पोराच्या उशाशी उभी, आणि महेश फोटोपुढं हात जोडून म्हणतोय, "आई, आता तूच बघ गं ह्याच्याकडं."

माझा तिळपापड झाला. म्हटलं, भिंतीवरची काय बघणार? मीच बघते! दुसऱ्या दिवशी देवळात जाते म्हणून सांगितलं आणि एस.टी.नं वाटूरच्या पुढं एका वस्तीवर गेले. तिथं एकजण काविळीवर पावडर द्यायचा. ती मिसरीच्या डबीत भरली — माझ्या मिसरीला घरात कोणी हात लावत नाही — आणि चिमूट चिमूट मधातून पोराला द्यायला लागले.

"माई, कडू आहे!"

"गप. कोणाला सांगायचं न्हाई. बरा झालास की कोणी बरं केलं ते मी सांगते सगळ्यांना."

कावीळ उतरायची ती चढली. पोरगं दिवसभर झोपून राहायला लागलं, हाक मारली तरी डोळे उघडेना. जालन्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या लिव्हरवर संशोधन करत होत्या. साध्या काविळीतून बहुतेक लेकरं आपोआप उठतात, मग काहींचंच लिव्हर का निकामी व्हायला लागतं, त्यांना घरी काय दिलेलं असतं — हे त्या एकेका घरच्यांना समोर बसवून विचारायच्या.

"आजी, काढा, पाला, पावडर... काही दिलंय? मी रागावणार नाही. पण खरं कळलं तरच मला इलाज करता येईल."

"बिलकुल न्हाई, बाई. उसाचा रस पाजला तेवढा."

बरं, निदान आता तरी थांबावं? छे! मला वाटलं, पावडरच कमी पडतेय. वॉर्डात लेकराजवळ एकाच बाईला थांबायचा पास होता. "तू जरा पाठ टेक," म्हणून तो मी सुनेकडून, पल्लवीकडून, काढून घेतला आणि डबी कमरेला खोचून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. लिव्हर काम सोडत चाललंय, रक्त गोठेना झालंय. उतार पडला नाही तर मुंबईला हलवायचं, लिव्हर बदलायची वेळ येईल, आणि तोवर पोरगं तग धरेल का हे सांगता येत नाही. महेश भिंतीला टेकून खालीच बसला.

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. सांगितलं असतं तर तो जन्मात 'माई'सुद्धा म्हणाला नसता. बघा बाईची तऱ्हा! पोर मरणाच्या दारात, आणि हिला स्वतःच्या मानाची पडलेली.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई तरातरा वॉर्डात आल्या आणि माझ्यापुढं हात पसरला.

"आजी, कमरेची डबी द्या. मिसरीची."

दिली. "किती दिलं, कधीपासून, एवढंच सांगा," म्हणाल्या. सगळं ओकले. डबी तपासायला गेली. तिच्यात काय काय निघालं ते मला उच्चारता येत नाही, पण आजारी लिव्हरला ते विषच होतं. इलाज बदलला. मधले दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. एका सकाळी ईशाननं डोळे उघडले आणि "भूक" म्हणाला.

महेशनं बोलणं टाकलं. मला मात्र राग पल्लवीचा! तिनंच डबी पाहिली असणार. एकदा भाकरी थापता थापता टोमणा हाणलाच, "चुगली केलीस ते बरंच केलंस गं बाई."

ती म्हणाली, "मला डबीचं माहीत असतं ना माई, तर तुम्हाला वॉर्डाच्या दारात तरी उभं केलं असतं का मी?"

खरं होतं. मग फेरतपासणीला गेलो तेव्हा महेश-पल्लवी ईशानला घेऊन रक्त द्यायला गेली, आणि मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "डबीचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"तुमच्यासोबत होत्या ना, त्यांनी. वॉर्डाच्या दारात भेटल्या."

"माझ्यासोबत कोण? पास तर एकच होता."

"अहो, हिरव्या लुगड्यातल्या. पंचविशीच्या असतील. डाव्या कानाची पाळी फाटलेली... मला वाटलं, गावाकडच्या कोणी नात्यातल्या."

महेश तान्हा असताना त्यानं कानातलं ओढून कौसल्येची डावी पाळी फाडली होती. हे आमच्या ह्यांनी मला कधीतरी सांगितलेलं. भिंतीवरचा फोटो लग्नातला, त्यात दोन्ही कान शाबूत आहेत. ह्यांच्या माघारी ती गोष्ट माहीत असणारी घरात मी एकटीच.

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी जळफळाट झाला. माझे दात हलून राह्यले, गुडघे गेले, आणि ही बया अजून पंचविशीतच! वर पोर वाचवायला पुन्हा हीच!

मी दारावरच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, बिनापासाचं कोणी आत गेल्तंच न्हाई. मला भास झाला म्हणावं, तर तो मला कुठं झाला? झाला तो इतक्या शिकलेल्या डॉक्टरला. ती बाई कोण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या संशोधनात माझी सवत कशाला घुसवा? उत्तर मला तेव्हा सापडलं नाही, आजही नाही.

त्या दिवशी एवढंच विचारलं, "काय बोलली ती? जसंच्या तसं सांगा."

डॉक्टरीणबाई आठवून म्हणाल्या, "त्या म्हणाल्या — 'तिच्या कमरंला मिसरीची डबी हाय, ती काढून घ्या. तिला इचारू नका, ती खोटं बोलंल. पन रागावू नका तिला... पोरगं तिचंच हाय, माझं न्हाई.'"