नांग्या भरायची वेळ

वडिलांचा उजवा हात थरथरायला लागून चार वर्षं झाली. कंपवात. शेंद्र्याच्या रानात त्यांनी जन्मभर कपाशी लावली. दिवाळीनंतर त्यांना शहरात डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं जीन थेरपीचं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या पेशींत उपयोगी जनुक सोडून त्या मरण्यापासून वाचवायच्या, असे प्रयोग चाललेत. औषध म्हणून अजून हाती आलेलं नाही."

वडिलांनी विचारलं, "मेल्या त्या जागी नांग्या भरता येत्यात का?"

मी वैतागलो. कपाशी उगवली नाही तिथं पुन्हा बी टोचतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. डॉक्टरांना ते काय कळणार? पण तेही शेतकऱ्याच्याच घरचे निघाले.

"नाही काका. उभी आहेत तेवढीच झाडं राखायची."

"मग हे माझ्यासाठी नाय. ह्या पोराचं बघा."

"हा आजार सहसा मुलांकडं जात नाही."

वडिलांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

तेव्हापासून दर रविवारी ते माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतात आणि माझ्या बोटांकडं बघत राहतात. घरात एकाही शर्टाचं बटण तुटलेलं नाही.