थांबा म्हणून वर केलेला हात

आयर्लंडमधल्या शॅनन नदीवर फिरायला बोट भाड्याने मिळते. परवाना लागत नाही. धक्क्यावर तासभर शिकवतात आणि चावी हातात देतात. माझे सासरे साताऱ्याच्या आरटीओतून मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. इथे ओंगारला आमच्या घरी राहायला आले असताना त्यांना हे कळलं.

"टेस्ट नाही?"

"नाही, बाबा."

"मग जावईबापू, पुढे मी उभा राहतो."

बोटीवर आम्ही चौघे होतो: सासरे, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. टक्कर तिसऱ्या दिवशी सकाळी झाली. जागा एका जुन्या दगडी पुलाची. त्याच्या कमानीखालून एका वेळी एकच बोट जाते आणि प्रवाहाबरोबर येणारीला पहिला हक्क असतो. तो आमचा होता. सुकाणू माझ्या हातात होतं. सासऱ्यांचा हात वर गेलेला मला मागून दिसला. पलीकडून येणारी हिरवी बोट दिसली तेव्हा उशीर झाला होता. वेग सायकलपेक्षा कमी, आवाज मात्र भांड्यांचं कपाट पडावं तसा.

त्यांची एक खिडकी फुटली, आमची कड खरवडली. इजा कुणालाच नाही. हिरव्या बोटीचे मालक टोपी घातलेले, सत्तरीचे गृहस्थ होते. "यू आर ग्रँड," ते म्हणाले. इथे याचा अर्थ 'असू दे, काही बिघडलं नाही' असा होतो. आम्ही प्रकरण संपलं असं धरलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या सॉलिसिटरचं पत्र आलं.

पत्रातलं एकच वाक्य महत्त्वाचं होतं. आमच्या बोटीच्या पुढच्या भागी उभ्या असलेल्या व्यक्तीने त्यांच्या अशिलाला पुढे येण्याची खूण केली, म्हणून ते पुढे आले. बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीचा विमा होता आणि विमावाले भरपाईला तयार होते. घटना अशीच घडली, एवढ्यावर आमच्या सह्या हव्या होत्या.

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"मी समोरच्याला पुढे बोलावलं? अरुंद पुलावर?"

"बाबा, ते कुणी वाचणार नाही," बायको म्हणाली.

"मी वाचलंय."

"आजोबा, इट्स ओन्ली अ बोट," मुलगी म्हणाली.

"बोट असो नाहीतर बैलगाडी. भरपाई खुशाल द्या. हे वाक्य काढा."

त्यांचं परतीचं विमान बारा दिवसांवर होतं. वाक्य कागदावर असेपर्यंत सही करणार नाही आणि सही केल्याशिवाय जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मी विमा कंपनीच्या सॉलिसिटर बाईंना फोन करून बैठक मागितली.

बैठकीला सासरे कोट घालून आले. समोर टोपीवाले गृहस्थ आणि त्यांचे सॉलिसिटर. गृहस्थांनी सुरुवात केली, "युअर मॅन पुढे उभा होता..."

"तुमचा माणूस?" सासरे मराठीत माझ्याकडे वळले. "मी नोकर आहे का तुमचा? सांगा त्यांना, सासरा आहे म्हणून."

'युअर मॅन' म्हणजे इथे नुसतं 'तो माणूस', हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही.

बाईंनी त्यांना नेमकी खूण करून दाखवायला सांगितली. ते उठले, कोटाचं बटण लावलं आणि उजवा हात सरळ वर केला, पंजा समोर. भरधाव ट्रक थांबवणारा हात.

टोपीवाले आपल्या सॉलिसिटरशी बोलत होते. त्यांनी मान वळवली, हात पाहिला आणि बोलता बोलताच स्वतःचा हात वर केला.

मग गृहस्थांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"त्या दिवशीही मी हेच केलं," ते म्हणाले. नदीवर समोरून बोट आली की हात वर करायचा, हा इथला रामराम. उलट हात न करणं उद्धटपणाचं. एक म्हातारा इतक्या ऐटीत नमस्कार करतोय, म्हणजे बोलावतोच आहे, असं त्यांना वाटलं होतं.

"म्हणजे मी थांबा म्हणालो आणि यांनी मला रामराम घातला?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"चांगला माणूस आहे," सासरे म्हणाले. "पण वाक्य बदला."

दुरुस्ती ज्याची त्याने करावी, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं. त्याला पाच मिनिटं लागली, वाक्याला पाऊण तास. 'हातवारे केले' सासऱ्यांनी नाकारलं. मी बातमीदार होतो तेव्हाच्या सवयीने 'थांबण्याची खूण केल्याचे सांगण्यात येते' असं सुचवलं.

"कोण सांगतंय? मी केली. 'केली' लिहा."

शेवटी असं ठरलं: पुढे उभ्या असलेल्या व्यक्तीने थांबण्याची खूण केली, समोरचे बोटमालक तिला अभिवादन समजले. टोपीवाल्यांनी पहिली सही केली. सासऱ्यांनी वेलांटी-उकारांसह पूर्ण नाव लिहिलं आणि आपली प्रत उजेडात धरली.

"शिक्का कुठे आहे?"

शिक्का नसतो, बाईंनी सांगितलं. इथे सही पुरते.

"शिक्क्याशिवाय कागद साताऱ्यात कोण मानेल?"

बाई बाहेर गेल्या. स्वागतकक्षातल्या मुलीकडे एकच शिक्का निघाला, आलेल्या टपालावर मारायचा. त्यावर इंग्रजीत 'मिळाले' आणि तारीख एवढंच होतं. बाईंनी तो सह्यांच्या खाली नीट दाबून मारला. सासऱ्यांनी शाई वाळू दिली, तारीख तपासली आणि कागद फाइलीत घातला.