वहिनी आणि पाचशे चाळीसचा आकडा

घरात आमच्या वहिनींची चूक काढायची कुणाची छाती नाही. भाजी खारट झाली, तर आमची जीभ बिघडलेली असते. पण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायला बसल्या, की या बाईंचा स्वतःवर काडीचा विश्वास नसतो. अहवाल पाठवला, की त्या डबा उघडतात आणि दोन घास खाता खाता पेशंट डोळ्यांसमोर आणतात. माणूस आणि आकडा जुळतो का ते बघतात.

त्या दिवशी आकडा होता पाचशे चाळीस. पेशंट होते एक म्हातारे घड्याळजी, उलट्या होऊन दोन दिवसांपूर्वी दाखल झालेले. साखर इतकी चढलेला माणूस मरगळून पडलेला असायचा. आणि हे गृहस्थ तर वॉर्डातलं घड्याळ सात मिनिटं मागे आहे म्हणून डावा हात नाचवत भांडत होते! त्यांना "हो काका, हो काका" करत वहिनींनी उजव्या हातातून रक्त घेतलं होतं, मधे येणारी नळी बाजूला सारून.

वहिनींनी हातातला घास डब्यात परत ठेवला. ती नळी सलाइनची होती, बाटली ग्लुकोजची, आणि हात तोच! रक्तातली साखर नव्हे, बाटलीतलीच साखर मोजली होती.

वॉर्डाचा फोन लागेना. वहिनी दोन जिने धावत चढल्या. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं होतं, आणि नर्सने सिरिंज भरून हातात धरली होती.

"थांब गं! टोचू नकोस! चुकीच्या हातातून रक्त घेतलंय मी!"

"ताई, आधी श्वास घ्या, नाहीतर तुम्हालाच दाखल करून घ्यावं लागेल."

डाव्या हातातून पुन्हा रक्त घेतलं. साखर निघाली एकशे अठरा. ते इंजेक्शन गेलं असतं, तर काका बेशुद्धच पडले असते.

"म्हणजे चूक तुमची आणि दोनदा टोचलं मला?" घड्याळजी म्हणाले.

"हो काका. चुकले मी."

"सरळ कबूल करता? आमच्या धंद्यात स्प्रिंग आमच्याकडून तुटली, तरी आम्ही गिऱ्हाइकालाच विचारतो, पाण्यात पाडलं होतंत का?"

वहिनींनी डॉक्टरांना सांगितलं, आपल्या वरच्या साहेबांना लिहून दिलं, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावून आपण कसे चुकलो ते साभिनय करून दाखवलं. घड्याळजींनीही तोच विषय संध्याकाळभर वॉर्डात लावून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ट्रे घेऊन दारात आल्या, तर आठही पेशंट सलाइन नसलेला हात पुढे करून तयार! कोपऱ्यातल्या एका गृहस्थांना सलाइनच नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले होते.