जिन्याच्या कोपऱ्यातले चार लाइट

मंचरच्या बाजारपेठेत एका तळघरात कापडाचं दुकान आहे. तिथल्या फॉल सीलिंगमधले लाइट मी आणि डोंगरातल्या तळेघर गावच्या माझ्या जोडीदारानं बसवले. आठ वर्षं आम्ही वायरिंगची कामं एकत्र केली होती. त्याच्याविषयी एक खोटं मंचरात अजून चालतं. ते मी सुरू केलं.

त्या सीलिंगच्या चौकटीत दोन फुटी पांढऱ्या टाइल नुसत्या टेकवलेल्या असतात. टाइलला गोल भोक पाडायचं, लाइट खालून दाबून बसवायचा. बहुतेक जण एवढंच करत. जोडीदार मात्र प्रत्येक लाइट तारेनं वरच्या स्लॅबला बांधायचा. तळघरात ओल येते, ओलीनं टाइल मऊ पडते, असं त्याचं म्हणणं. वेळ दुप्पट जाई.

काम संपत आलं आणि आवणी लागली. भातलावणीला डोंगरातली माणसं हातातलं काम टाकून घरी जातात, हे मंचरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावरून त्यांची थट्टाही होते. जाताना तो म्हणाला, "जिन्याच्या कोपऱ्यातलं चार राहिल्यात. तार बांध बरं का, तिकडं ओल लई हाय."

"जा रे, मला नको शिकवू."

मी तार बांधली नाही. शिडी तिथे नीट टेकत नव्हती आणि मला कंटाळा आला होता. दुसरं कारण नाही.

उद्घाटनाची पूजा चालू असताना त्यातला एक लाइट टाइलसकट खाली गादीवर पडला. कुणाला लागलं नाही. मालकानं विचारलं, "हा कोपरा कुणी केला?"

"त्यानंच. आवणीची घाई व्हती त्याला."

तेवढं पुरलं. पुढे कुणी काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी तो परतला तेव्हा मालक दारातच म्हणाला, "पावणं, तुमी आपला भातच लावा. त्यो वरनं पडत न्हाई." नोकर हसले. जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी टेस्टर पुसत होतो. पुढे बाजारात कुणाचंही काम फसलं की "आवणीचा लाइट" म्हणू लागले. त्याला मंचरात पुन्हा काम मिळालं नाही. माझा धंदा चांगला चालला.

इतक्या वर्षांनी, यंदा मी तळेघरला गेलो. तो अंगणात नाचणी वाळवत होता. मी सगळं सांगितलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "परत आलो त्या दिशी हत्यारं उचलाया आत गेलो, तवाच त्या कोपऱ्यातली टाइल सरकवून बघितली व्हती. तार न्हवती."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार? म्हणलं, तू बोलशील." त्यानं नाचणीवरून हात फिरवला. "आन् आता मला काय सांगतूस? तिथं जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालक आता म्हातारा झालाय, मुलाशेजारी खुर्चीत बसून असतो. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला सांगितलं, कोपरा माझा होता.

"राव, किती जुनं उकरताय. जाऊ द्या की."

"त्याचं काम चोख होतं, एवढं म्हणा."

मालक म्हणाला, "चोख व्हतं. पण तवा हसलेलं नोकर आता हितं हायत कुठं?"

त्यांतला एक एसटी स्टँडजवळ वडापाव विकतो. मी तिकडे निघालो.