आईसाठी ओढलेली रापण

माझी वहिनी वरच्या गावातल्या शेतकऱ्याची पोर. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा बांगडा कुठून चिरायचा तेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. माझ्या आईने शिकवलं, आणि थोड्याच दिवसांत बंदरावरच्या बायका “सून आसाची तर अशी” म्हणायला लागल्या. मी जन्मापासून त्याच वाळूत लोळलेली. माझ्याबद्दल असं कोणी कधी म्हटलं नाही.

मग आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा. भाऊ तेव्हा गलबतावर, कुठच्या बंदरात होता देव जाणे. पैसे उभे करायचे ते आम्ही दोघींनी. मी सासूची बोलणी खात हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि मोडल्या. त्याचा कुठे गाजावाजा झाला नाही. सोनाराच्या दुकानात टाळ्या वाजवायला कोण बसलंय?

वहिनीकडे मोडायला मणीसुद्धा नव्हता. ती सकाळी उठून रापणीवर जाऊन उभी राहिली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा. पण कोणाच्या घरात मोठं दुखणं आलं, तर त्या घरच्या बाईने पदर पसरून एक दिवस मागायचा, अशी आमच्याकडे रीत होती. त्या दिवशी सगळे फुकट ओढत आणि मासळी त्या घरची. मात्र लग्न करून दिलेल्या लेकीला हा हक्क नाही. पदर पसरायचा तो सुनेने. म्हणजे आई माझी, आणि मागणार ही!

“माझ्या सासयेक बरी करूची आसा,” एवढंच ती बोलली, आणि रापणकरांनी दुसरा दिवस देऊन टाकला.

त्या दिवशी समुद्रानेही तिचीच बाजू घेतली. बांगडा असा लागला की जाळं ओढवेना. मीही गुडघाभर पाण्यात दोरीला होते आणि माझा नुसता तिळपापड होत होता. वास्तविक मासळी माझ्याच आईसाठी येत होती. शेजारची म्हातारी म्हणते, “नशीबवान गो तुझी आवस, अशी सून गावली.”

“लेक पण आसा तिका,” मी म्हटलं. म्हातारीने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

पैसे जमले, पण आईबरोबर एकीनेच जायचं एवढीच ऐपत. मी पिशवी भरूनच माहेरी आले होते.

“तू रव,” आई म्हणाली. “तुझी पोरां लहान. ही येतली माझ्यावांगडा.”

पोरांचं निमित्त, दुसरं काय! आगबोटीकडे जाणाऱ्या होडीत वहिनीने आईला धरून चढवलं. मी किनाऱ्यावरून देवीला नवसही बोलले आणि दातही खाल्ले.

दोन-अडीच महिन्यांनी आई जगून परत आली. ऑपरेशनमध्ये आवाज मात्र कायमचा गेला होता; नुसते ओठ हलत. मला बघून तिने हात धरला आणि काहीतरी म्हणाली. मला अक्षर कळेना. मी उगाच मान डोलावली. ती चिडली, परत म्हणाली, परत कळेना. शेवटी मला वहिनीकडेच बघावं लागलं. ती चुलीपुढे होती. तिने एकदाच आईच्या तोंडाकडे बघितलं.

“जेवलंस काय, इचारतत.”

आई काही बहिरी झाली नव्हती. तरी मी वहिनीलाच म्हटलं, “जेवलंय म्हणान सांग तिका.”